समाजसेवेत नापास

समाजसेवा या विषयात मी माझ्या सबंध नोकरीत एकाच मुलीला नापास केलं, आणि अख्ख्या वर्गात तो विषय खरोखर येत होता तो तिलाच. एवढ्यावर भागलं असतं तर तरुण मास्तरणीचा गाढवपणा म्हणून खपून गेलं असतं. पण नापास करण्याआधी मी सगळ्या शाळेसमोर, सकाळच्या प्रार्थनेला, तिचं कौतुक केलं होतं. ते कौतुक नापास करण्यापेक्षा वाईट होतं. कसं वाईट, हे कळायला मला बी.एड. असूनही महिना लागला.

चाळीसेक वर्षं झाली याला. आजवर कुणाला सांगितलं नाही. लोकांना माहीत आहे ते वेगळंच. लोकांना मी माहीत आहे ती पोरांकडून बाजार झाडून घेणाऱ्या बाई म्हणून. निवृत्तीच्या दिवशी शाल घालताना वक्त्यांनी तेच सांगितलं, श्रमसंस्कार की काय म्हणाले. मी मान खाली घालून ऐकत होते. सगळ्यांना तो विनय वाटला.

गेल्या आठवड्यात नातीनं एक कागद पुढ्यात आणून ठेवला. ती जुन्नरला नववीत आहे. शाळेनं या वर्षीपासून नियम केलाय की प्रत्येक मुलानं ठरलेले तास समाजसेवा करायचीच, दर वेळचा फोटो ॲपवर टाकायचा, आणि तास भरले नाहीत तर निकाल अडकवून ठेवणार. खाली पालकाची सही. सून म्हणाली, आई, तुम्हीच करा, तुमचाच तर विषय. शिवाय पालकसभेत मी त्यावर चार शब्द बोलावेत असा मुख्याध्यापकांचा निरोप. आमचे हे असते तर म्हणाले असते, हिचे चार शब्द म्हणजे डबा बांधून न्या.

मी पेन उघडलं. पुन्हा मिटलं. म्हटलं, चष्मा सापडत नाहीये, उद्या करते. चष्मा नाकावर होता. नात माझ्या नाकाकडे बघत राहिली. या पोरीची मला म्हणूनच जरा भीती वाटते.

त्या वेळची मी तुम्ही बघायला हवी होती. वय सव्वीस. खळ केलेली सुती साडी, खांद्यावर पिन, पर्समध्ये सुविचारांची वही, आणि गळ्यात लाल फितीला बांधलेली शिट्टी. मंगळसूत्र आणि शिट्टी यांचा दिवसातून चार वेळा गुंता व्हायचा आणि तो सोडवण्यात माझा निम्मा तास जायचा. माहेर निमगाव साव्याचं, सासर बेल्ह्याच्या अलीकडच्या गावात, आणि नोकरी बेल्ह्याच्याच हायस्कुलात. देश स्वतंत्र होऊन इतकी वर्षं झाली तरी सुधारला नाही, याचं कारण मी अजून कामाला लागले नव्हते, असं माझं प्रामाणिक मत होतं.

दहावीला समाजसेवा हा श्रेणीचा विषय होता. मार्क नसायचे, अ, ब, क किंवा ड, आणि ते शाळेनंच द्यायचे. सगळ्या शाळा काय करायच्या, तर पोरांकडून आपलंच मैदान झाडून घ्यायच्या आणि सरसकट ब टाकून मोकळ्या व्हायच्या. मला ते ढोंग वाटलं. मी ठरवलं, आपली पोरं खऱ्या घाणीत उतरली पाहिजेत. आणि खरी घाण आमच्याकडे आठवड्याच्या आठवड्याला हजर व्हायची. बेल्ह्याचा गुरांचा बाजार. बैल, गाई, वासरं, टेंपो भरभरून व्यापारी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे राहिलेलं शेण, तुडवलेला कडबा, तुटकी दावी, हौदात तरंगणारा चोथा. बाजार उठल्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटचे दोन तास, दहावीचा वर्ग आणि बाजारतळ. ज्यानं चुकवलं त्याला ड.

कुणाला कुठलं काम हे मी हजेरी क्रमांकानं लावलं. पहिल्या तुकडीला खराटे, दुसरीला पाट्या, तिसरीला हौद. पुढच्या आठवड्याला फिरवायचं. कोण कुठल्या आळीचा, कुणाची जमीन किती, काही बघायचं नाही. पहिल्या दिवशी खराटा मी स्वतः हातात घेतला. पाच मिनिटं झाडलं असेल. पण ती पाच मिनिटं मी पुढं पाच वर्षं सांगत होते.

एक अपवाद झाला. संस्थेच्या एका संचालकांचा मुलगा त्याच वर्गात होता. दुसऱ्याच दिवशी त्याची आई शाळेत आली. बसा म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, "बाई, आमचा पोरगा शेण उचलायला शाळेत घातला न्हाई. शेण घरी लई हाय." आणि हसली. मीही हसले. मग तिनं चिठ्ठी पुढे केली, त्याला धुळीनं शिंका येतात अशी. मी त्यावर एक शक्कल काढली, आणि अजून आठवतं, मला स्वतःच्या शकलेचं फार कौतुक वाटलं होतं. त्या मुलाला मी नोंदी ठेवायचं काम दिलं. बाजारतळाच्या कडेला चिंच होती, तिच्याखाली दगडावर बसून तो कोण किती वेळ झाडतो ते वहीत लिहायचा. माझी जादाची शिट्टीसुद्धा त्याच्याकडे दिलेली. पुढे त्याला अ मिळाला. नोंदी सुबक होत्या.

आता ती मुलगी. उंच, किडकिडीत, दोन वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. अक्षर छापील. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. त्या वस्तीतून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. कोण काय होणार, असं मी वर्गात विचारलं होतं तेव्हा निम्म्या पोरी खाली बघून हसल्या होत्या. ही उभी राहून म्हणाली होती, नर्स. तिच्या मावशीच्या बाळंतपणाला वेळेवर कुणी आलं नव्हतं, एवढंच कारण सांगितलं आणि बसली. नर्स व्हायचं तर आधी दहावी, आणि श्रेणीच्या विषयात ड आला की बाकीच्यांत कितीही मार्क असोत, निकाल अडायचा. हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

पहिल्या आठवड्याला तिच्या वाट्याला खराटा आला आणि तिनं झाडलं. बाकीची पोरं खराटा वल्ह्यासारखा मारत होती, धूळ उडत होती, शेण पसरत होतं. ही वाकून, एका लयीत, कचरा न उधळता पुढे ढकलत गेली. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं आणि म्हटलं, बघा, असं. कडेला चहाच्या टपरीवर एक म्हातारबाबा बसले होते. ते शेजारच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिची आजी बी हितंच झाडायची. हात तस्साच पडतोय बघा." टपरीवरची माणसं हसली, फार नाही, थोडंसंच.

मला ते कौतुक वाटलं. देवाशपथ सांगते, मला ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी तिला ओळीतून पुढे बोलावलं. खांद्यावर हात ठेवला. आणि सगळ्या शाळेला सांगितलं की या मुलीच्या घरात सेवेची परंपरा आहे, हिच्या आजींनीही हाच बाजार झाडलेला आहे, सेवा हिच्या रक्तातच आहे, आपण सगळ्यांनी हिच्याकडून शिकायचं. मग मी टाळ्या वाजवल्या. पोरांनी वाजवल्या. मागच्या रांगेतले काही मुलगे बाकीच्यांचं थांबल्यावरही वाजवत राहिले. मला वाटलं, प्रेरणा मिळाली. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. मला वाटलं, लाजली.

तुम्हांला माहीत नव्हतं का, असं आता कुणीही विचारील. बरीच वर्षं मी मनातल्या मनात त्याचं उत्तर नव्हतं माहीत असंच देत आले. ते खोटं आहे. निमगाव साव्याला आमच्या घरी सुगीच्या आधी खळं झाडायला एक बाई यायची. खळं झाडायची, अंगण झाडायची, गोठ्यापुढचं झाडायची, आणि मग उंबऱ्यापासून चार पावलं लांब उभी राहायची. आई सूप घेऊन बाहेर जायची आणि तिच्या पसरलेल्या पदरात वरून दाणे सोडायची. वरून. सूप पदराला लागू नये म्हणून. मी दारात उभी राहून हे बघितलेलं आहे, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. ती बाई ते काम पुण्य म्हणून करत नव्हती, ते तिला गावानं लावून दिलेलं होतं, हे सात वर्षांच्या मुलीलाही कळत होतं. सव्वीस वर्षांच्या बाईला बाजारतळावर ते आठवलं नाही, कारण तोवर तिच्या गळ्यात शिट्टी आली होती.

पुढच्या आठवड्याला ती बाजारतळावर आली, पण खराटा घेतला नाही. पाटीही नाही. हात मागे बांधून उभी राहिली. म्हणाली, "मी झाडणार नाही, बाई." बरं नाही का, विचारलं. बरी आहे म्हणाली. मग काय? तर पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. सगळा वर्ग हातातलं टाकून बघायला लागला. मी तिला कोणतंही काम हलकं नसतं यावर भाषण दिलं, तिथंच, शेणात उभं राहून. हे वाक्य मी नंतरही आयुष्यात पुष्कळ वेळा ऐकलं. ते म्हणणाऱ्याच्या हातात सहसा खराटा नसतो.

त्याच्या पुढच्या आठवड्यालाही तसंच. तेव्हा मी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की असं केलंस तर मला ड द्यावा लागेल.  मग म्हणाली की रोज संध्याकाळी ती वस्तीतल्या लहान पोरांना विहारात बसवून बाराखडी आणि पाढे शिकवते. वर्ष झालं शिकवते आहे. दोन पोरं पहिलीत नापास होणार होती, ती पास झाली. "ते धरा ना, बाई," असं म्हणाली.

आणि मी म्हणाले, ते तुमच्या वस्तीतलं झालं. समाजसेवा म्हणजे समाजासाठी करायची असते.

हे वाक्य बोलताना माझा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही, पण तिचा कसा झाला ते अजून दिसतं. ती रागावली नाही. गणितातलं एखादं उदाहरण सुटत नसलं की मूल जसं एक क्षण फळ्याकडे बघतं, तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मग "बरं, बाई" म्हणाली आणि गेली.

मी रजिस्टरात तिच्या नावापुढे शाईनं ड लिहिला.

आमचे मुख्याध्यापक रिटायर व्हायला टेकले होते, धोतर नेसायचे आणि शक्यतो कुठल्याच गोष्टीला हात लावायचे नाहीत. त्यांनी रजिस्टर चाळलं, ड पाशी थांबले. म्हणाले, बाई, क टाका अन् मोकळ्या व्हा, कोण बघतंय. मी ताठ उभी राहून म्हटलं, सर, नियम सगळ्यांना सारखा. त्यावर त्यांनी मान वळवली आणि खिडकीतून बाहेर, बाजारतळाच्या चिंचेकडे, बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आभाळ बघताहेत. श्रेण्या पुढच्या आठवड्यात पाठवायच्या होत्या. ते म्हणाले, तोवर राहू द्या तुमच्याकडेच.

हे सगळं मला गेल्या आठवड्यात त्या कागदावर सही करायला बसले तेव्हा आठवलं असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. ते कधी विसरलंच नव्हतं. पण नातीनं तिच्या पहिल्या समाजसेवेची हकीकत सांगितली आणि तळाशी बसलेलं सगळं ढवळून वर आलं. शाळेनं मुलांना बसनं आंबेगावच्या डोंगरात नेलं होतं, आहुप्याच्या वाटेवरच्या एका वाडीत. तिथल्या पोरांना ओळीत उभं करून यांनी वह्या आणि बिस्किटं वाटली. प्रत्येकाचा फोटो नीट यावा म्हणून काहींना वही दोनदा दिली आणि मधल्या वेळात परत घेतली. मग वाडीतल्या बायांनी या सगळ्यांना नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. जेवून हे बसमध्ये चढले. नात खिडकीतून बघत होती. तिच्याच वयाच्या एका मुलीनं यांच्या पत्रावळी गोळा केल्या आणि सगळं अंगण झाडून काढलं. नात म्हणाली, "आजी, आमचे चार तास लागले. तिचे किती लागले असतील?"

सून म्हणाली, पुरे आता, जेवून घे. जेवणानंतर नातीचं ताट नेहमीप्रमाणे जागेवरच राहिलं आणि सुनेनं उचललं. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी पुन्हा कौतुकाची चूक करायची.

पालकसभेला मी गेले. जाताना ठरवलं होतं की ही गोष्ट सांगायची, सगळी, शिट्टीसकट. उभी राहिले आणि गोष्ट टाळली. एवढंच बोलले की सेवेची सक्ती करण्याआधी, ही सक्ती कुणाच्या घरात आधीच पिढ्यान् पिढ्या होऊन गेली आहे ते बघा, आणि एखादं मूल नाही म्हणालं तर का नाही ते विचारा. टाळ्या बेताच्या पडल्या. मग एक बाप उभा राहिला, कांद्याचा व्यापार आहे त्याचा, माणूस सरळ. म्हणाला, आजी, तुमचं पटतं, पर सक्ती न्हाई केली तर ही पोरं मोबाईलमधून मान वर काढायची न्हाईत.  त्याचंही खरं आहे. माझ्या त्या बाजारतळावर एका मोठ्या बागायतदाराची मुलगी हौद घासताना मला म्हणाली होती, बाई, आमच्या गुरांचा हौद रोज कोण घासतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. तिला ते सक्तीशिवाय दिसलं नसतं. मी खाली बसले. मुख्याध्यापकांनी बहुमोल मार्गदर्शनाबद्दल आभार मानले आणि नियम आहे तसा राहिला. मला अजून कळत नाही, त्या बापाला मी हो म्हणायला हवं होतं की नाही.

घरी आल्यावर नातीनं विचारलं, असं अर्धवट का बोललीस. मग तिला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. ती पलंगावर मांडी घालून ऐकत होती. ड पर्यंत आल्यावर म्हणाली, "मग ती नापास झाली?"

नाही झाली. रजिस्टर पाठवायच्या आदल्या दिवशी मी त्या ड वर आडवी रेघ मारली, शेजारी अ लिहिला, आणि खाडाखोडीला सही लागते म्हणून सही केली. शेरा लिहिला, विहारात मुलांना शिकवते. मुख्याध्यापकांनी काही न विचारता खाली त्यांची सही केली आणि मग, कधी नव्हे तो, मला चहा सांगितला. माझ्या नोकरीतली तेवढी एकच खाडाखोड. ती नर्स झाली. मागच्या वर्षी आंबेगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी डोळे तपासायला गेले होते, तिथं तिनंच माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. केस पिकलेत, वेण्या गेल्या, भुवया तशाच वर ओढलेल्या. मला ओळखलं. बसा बाई म्हणाली, बीपी बघितलं, मीठ कमी करा म्हणाली, दोनदा बजावलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटून बाहेर आले. तिला माझ्याकडून काहीही ऐकायचं नव्हतं आणि मला पुष्कळ सांगायचं होतं. असल्या वेळी गप्प बसणं एवढी एक समाजसेवा मला जमली.

"पण तू ड चा अ का केलास?" नात मुद्दा सोडत नाही.

मी तिच्या घरी गेले होते, रजिस्टर पाठवायच्या आधीच्या रविवारी सकाळी. रजिस्टर पिशवीत घेऊन. माझा बेत मनात पक्का होता. मुलीला नाही कळत तर घरच्यांना समजावू, मोठी माणसं समजूतदार असतात. ओढा ओलांडून वस्तीत शिरले तेव्हा गळ्यात शिट्टी तशीच होती, रविवार असून. काढायची राहिली होती.

घर सारवलेलं, भांडी मांडणीवर चकचकीत, भिंतीवर बुद्धाची तसबीर. ओसरीवर तिची आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मुलीनं तांब्याभांडं आणून ठेवलं. मी पाणी प्यायले, आणि आपण इथं पाणी प्यायलो याचा मला मनातल्या मनात अभिमानसुद्धा वाटला. बघा, कसली बाई. म्हातारीनं मूठभर दाणे माझ्यापुढं सारले आणि बोलायची वाट बघत राहिली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मी माझं सगळं सांगितलं. नियम सांगितला, ड म्हणजे काय ते सांगितलं, नर्सिंगचं सांगितलं. मग सवलत पुढे केली. बाजारतळ नको तर नको, शाळेचा व्हरांडा चालेल. एकच दिवस. अर्धा तास. मी स्वतः शेजारी उभी राहीन, आणि लगेच अ लिहीन, रजिस्टर बरोबरच आणलं आहे. असं म्हणून मी पिशवीवर हात ठेवला.

म्हातारीचे हात शेंगा फोडायचे थांबले नाहीत. तिनं मला तिचं सांगितलं, तक्रार केल्यासारखं नव्हे, रस्ता सांगावा तसं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती आणि तिची सासू तळ झाडायला जायच्या. मेलेलं वासरू राहिलं असलं तर ते घरचे गडी ओढून न्यायचे. संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागून आणायची, तीच मजुरी. दीक्षा घेतली त्या साली सासूनं खराटा नेऊन वढ्यात टाकला. गावानं वर्षभर शेतावर काम दिलं नाही. त्या वर्षी काय खाल्लं ते ती बोलली नाही. तेव्हापासून या घरातल्या बाईनं स्वतःच्या अंगणापलीकडं खराटा नेला नाही, पोरीनं त्या पहिल्या आठवड्याला नेला तेवढाच, एवढंच म्हणाली. आणि नातीला प्रार्थनेला पुढं उभं करून तुम्ही काय बोललात, ते तिनं घरी येऊन आईला नाही, मला सांगितलं, म्हणाली.

मी खाली बघत होते. शिट्टी मुठीत धरलेली.

मग तिनं विचारलं की चिंचेखाली बसतं ते पोरगं पास आहे का. मी म्हटलं, आहे. तिनं मान हलवली आणि पुढची शेंग फोडली.

तरी माझं तोंड थांबेना. मी म्हटलं, आजी, तुमचं सगळं खरं आहे, पण पोरीचा विचार करा. वर्ष जाईल, नर्सिंग जाईल. अर्ध्या तासासाठी पोरीला नापास करायचं का?

तेव्हा तिचे हात थांबले. तिनं आधी माझ्याकडे नाही, चौकटीत उभ्या असलेल्या नातीकडे बघितलं. नात चौकट सोडून सरळ उभी राहिली. मग म्हातारीनं पदर झटकला, टरफलं खाली पडली, आणि ती मला म्हणाली,

"करा नापास, बाई. नापास व्हायला बी शाळंत यावं लागतं. झाडायला आमाला कुनी शाळंत घातलं नव्हतं."